मागच्या शेडबद्दलची माझी खबरदारी

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी

आज केजच्या अभ्यासिकेत मंजुषा मॅडम आल्या होत्या. सब-इन्स्पेक्टर. विषय होता, अमली पदार्थांचे बेकायदा कारखाने कसे ओळखावेत आणि खबर कशी द्यावी. पोरं मागे बसून चिवडा खात होती. मी पहिल्या बाकावर.

मॅडम म्हणाल्या, हे आता शहरातलं राहिलेलं नाही. गावाबाहेरचं बंद शेड, पडीक गोदाम भाड्यानं घेतात. डोळे चुरचुरतील असा वास. खिडक्या आतून झाकलेल्या. थंडीतही सुरू असणारे पंखे. लेबल खरवडलेले कॅन. सांडपाण्याच्या कडेचं गवत जळालेलं. असं काही दिसलं तर जवळ जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, त्या माणसांशी बोलायचं नाही, गावात बोभाटा करायचा नाही. लांबून दिसलं तेवढं ११२ ला सांगायचं. नाव गुप्त राहतं. खात्री करणं आमचं काम आहे, तुमचं नाही.

मी सगळं पाठ केलं. पोलीस भरतीच्या लेखीला येऊ शकतं. एक चांगला प्रश्नही सुचला होता, पण विचारला नाही. इतरांना संधी मिळावी.

संकल्प: आजपासून सतर्क राहायचं. रोज लिहायचं.

आमच्या वस्तीवर सतर्क राहण्यासारखं काही नाही म्हणा. दिवाळी झाली की सगळे ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, कर्नाटकात उसाच्या फडावर. घरात मी आणि आत्या. साखरा आत्या. मी लहानपणी आईबापाबरोबर फडावरच असायची, शाळा नव्हती. तिथं आत्यानंच मला खताच्या पोत्यांवरची अक्षरं दाखवून वाचायला शिकवलं. ती एक गोष्ट नेहमी सांगायची. डोळ्यानं बघितलं तेवढंच बोलायचं, बाकीचं पाप.

२५ नोव्हेंबर

आमच्या मागचं बंद पोल्ट्रीचं शेड कुणीतरी भाड्यानं घेतलंय. सत्यम नावाचा मुलगा आहे, बाहेरगावचा. बोलायला मऊ. सोबत दोन माणसं, ती बोलतच नाहीत. फिनेल बनवतात म्हणे. शेळ्यावाल्या दगडाबाईनं सगळी माहिती काढली. म्हणाली, गरीब पोरगं हाय, मला मावशी म्हणतंय.

वास येतो. पण फिनेलच्या कारखान्यातून वास येणारच. संशय घेण्यासारखं काही नाही. उगाच कुणावर आळ घेणं माझ्या स्वभावात नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळी

शेडच्या जाळीला आतून काळी ताडपत्री लावलीय. थंडी एवढी की आत्या दोन गोधड्या घेते, आणि तिकडं पंखे घरघरतायत.

मी घाबरले नाही. फक्त मागचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला मुसळ टेकवलं.

वास फिनेलचा वाटत नाही. नखं रंगवायच्या पॉलिशसारखा, मध्येच मुतारीसारखा. आत्या खोकते. तिला दमा जुनाच आहे. म्हणाली, थंडीचा हाय गं, तू नको नाक वर करून बसू.

उद्या सकाळी ११२ ला फोन. नक्की.

२९ नोव्हेंबर

फोन केला नाही. कारणं:

रेंज नव्हती. नंतर आली, तेव्हा मी बोलायचं वाक्य लिहून काढत होते. घाईत चुकीचं काही बोललं गेलं तर एका माणसाचं आयुष्य बरबाद. ‘संशयास्पद हालचाली आढळून आल्या आहेत’ असं लिहिलं. मग वाटलं, हालचाली मी कुठं पाहिल्या? पंखे हलताना पाहिले. ते खोडलं. ‘संशयास्पद पंखे’ चांगलं वाटेना.

उद्या वाक्य पूर्ण करून फोन.

१ डिसेंबर

वाक्य पूर्ण झालं. फोन लावला. पलीकडून नमस्कार ऐकू आला आणि मी कट केला. आवाज माणसाचा होता, मला बाईचा अपेक्षित होता. तिथूनच लगेच उलटा फोन आला. उचलला आणि म्हणाले, चुकून लागला. खोटं बोलले. ते दिवसभर डाचलं.

मागं खिडकीतून बघितलं तर सत्यम दातून करत आमच्याच घराकडं बघत उभा. माझा फोन ऐकू गेला असेल का? ऐकू जाईल असं मी काही बोललेच नव्हते.

३ डिसेंबर

विचार केला, थेट ११२ म्हणजे फार मोठं. आधी गावातले पोलीस पाटील. म्हाळूआबा. जबाबदार माणूस आहे, बाजेवर बसून असतो.

इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, आबा, आमच्या मागं लॅब निघालीय असं वाटतं. आबा म्हणाले, लई बरं झालं, मला शुगर बघायला केजला हेलपाटा पडतोय. मी म्हणाले, तसली लॅब नाही आबा, मला त्याचा रिपोर्ट करायचाय. आबा म्हणाले, रिपोर्ट संध्याकाळी भेटतो, सकाळी उपाशीपोटी जायचं, च्या बी प्यायचा न्हाई. मी म्हणाले, आबा, बेकायदा आहे ती. ते म्हणाले, कायद्याची कुठली राहिलीय आता, रक्त काढायला आलं म्हंजे झालं.

आतून त्यांची बायको छबुबाई हसली. मी तशीच निघाले. जबाबदार व्यक्तीच्या कानावर घातलं, हे महत्त्वाचं.

४ डिसेंबर, दुपारी

म्हाळूआबा आज सकाळी उपाशीपोटी शेडवर गेलते. रक्त द्यायला.

सत्यमनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. विचारलं म्हणे, इथं लॅब हाय असं कुणी सांगितलं? आबा म्हणाले, शहादेवच्या पोरीनं. शहादेवची पोरगी म्हणजे मी.

हे मला आबांनीच येऊन सांगितलं, वर रागावले, च्या न पिता गेलतो, चक्कर आली, तुला चेष्टा सुचती का म्हणाले.

मी दार लावलं. खिडकी लावली. आत्याला म्हणाले, आज अंगणात बसू नको. कावून, म्हणाली. मी म्हणाले, ऊन आहे. डिसेंबरात.

४ डिसेंबर, पाचच्या सुमारास

दार वाजलं. सत्यम. हातात फिनेलची बाटली. म्हणाला, ताई, लॅब नाही, फिनेल आहे बघा. ही तुमच्यासाठी. हसत होता. डोळे लालभडक. बाटली ओट्यावर ठेवून गेला.

मी उंबऱ्याच्या आत सरकले ते थंडीनं. मी चप्पल घातली नव्हती.

बाटलीवरचं लेबल दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं आहे, तिरपं चिकटवलेलं.

७ डिसेंबर

दगडाबाईची गाभण शेळी मेली. शेडमागच्या नालीकडेचं गवत खाल्लं, तोंडाला फेस, पाय ताणले, संपलं. दगडाबाई नालीपाशी बसून रडत होती. मी लांबून बघितलं, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. गवत पिवळं नाही, काळं पडलंय.

आता शंका राहिली नाही. उद्या फोन. वाक्यबिक्य काही नको.

८ डिसेंबर

सत्यमनं दगडाबाईला दुसरी शेळी आणून दिली. काळी, कानाला पांढरा ठिपका. दगडाबाई म्हणते देवमाणूस हाय. मी म्हणाले, मावशी, त्यांच्याच पाण्यानं मेली ना तुमची? ती म्हणाली, तू बाई शिकून शिकून वाईट बघायला लागलीस, पोरानं न मागता दिली, तुझ्या दादानं दिली असती का?

उद्या तक्रारीत दगडाबाईचं नाव आलं तर तिची शेळी जप्त होईल का? हे आधी बघायला हवं. तोपर्यंत फोन थांबवणं योग्य.

१२ डिसेंबर

आत्याला घेऊन केजला. जीपमध्ये तिला बसवेना, सगळ्यांनी सरकून जागा दिली. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, घराजवळ फवारणी, धूर, कसला वास आहे का? दम्याचा पंप वाढवून दिला. म्हणाले, त्या हवेत ठेवू नका.

मी सांगणार होते. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात मॅडमचं आठवलं, बोभाटा करायचा नाही. बाहेर रांगेत चार माणसं होती. म्हणाले, वास म्हणजे, थंडी आहे.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. परत येताना म्हणाली, नंदे, म्हाळूला सांगितलंस आन् डॉक्टरला न्हाई?

मी म्हणाले, आत्या, त्याला कारणं आहेत.

१९ डिसेंबर, येळवस (वेळा अमावस्या)

रानात पाच दगडांचे पांडव मांडले. दोघीच. आत्या बांधावर बसून, मी पूजा केली. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सगळं आत्यानंच केलं, मधे मधे बसून पंप घेत.

घरी आल्यावर म्हणाली, शेडवर डबा दे. मी म्हणाले, कशाला? म्हणाली, येळवशीला शेजारचं कुणी उपाशी राहायचं न्हाई. मी म्हणाले, ते आपले शेजारी नाहीत, भाडेकरू आहेत. म्हणाली, भाडेकरूला पोट नसतं का?

मॅडम म्हणाल्या होत्या जवळ जायचं नाही. मी गेलेच नाही. वाटेत मध्येच थांबले, डबा दगडावर ठेवला आणि लांबून हाक मारली. सत्यम बाहेर आला. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडाला फडकं. डबा बघून मोजे काढले, हात पुसले. म्हणाला, ताई, घरचं खाऊन लई दिवस झाले. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

मला वाईट वाटलं. मग भीती वाटली. मग दोन्ही.

संध्याकाळी डबा परत आला. धुऊन, पुसून. रिकामा नाही. तळाला पांढरे खडे. बारीक. चकाकणारे.

१९ डिसेंबर, रात्री जेवल्यावर

भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी टाकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सत्यमनं टाकलेले ते खडे साखरेचेच कशावरून?

डबा पिशवीत, पिशवी गोणीत, गोणी माळ्यावर. मी हात धुतले, परत धुतले. हात लावायचा नाही म्हणाल्या होत्या मॅडम. पण डबा आमचा आहे.

२१ डिसेंबर

कायदा वाचला. जवळ बाळगणं गुन्हा. म्हणजे या क्षणी सगळ्या वस्तीवर गुन्हेगार कोण, तर मी. सत्यमच्या शेडात असेल ते असेल, आमच्या माळ्यावर आहे हे नक्की.

फेकून द्यावं तर पुरावा नष्ट करणं. नालीत ओतावं तर दगडाबाईची नवी शेळी. पोलिसांकडं न्यावं तर एसटीत कुणी पिशवी तपासली म्हणजे? भरतीच्या चारित्र्य पडताळणीत काय लिहायचं?

जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हणाले, अभ्यासाचा ताण.

उद्या काहीही झालं तरी डबा घेऊन केजला जायचं.

२२ डिसेंबर

गेले नाही. एसटीत गर्दी असते.

२४ डिसेंबर, सकाळी

माळ्यावर गोणी रिकामी. डबा ओट्यावर उपडा, धुतलेला. आत्या चहा पीत होती.

म्हणाली, साखर संपलती, माळ्यावर कावून ठेवलीस गं? मुंग्या लागल्या असत्या.

मी तिच्यासमोर खाली बसले. तिचे डोळे बघितले, नाडी धरली. आत्या, कसं वाटतंय? ती म्हणाली, गोड. मी म्हणाले, छातीत धडधड? म्हणाली, तू बघतीयस तशी बघून होतीय. मी तिच्याजवळून हलले नाही. दुपारपर्यंत तिला काही झालं नाही. दुसरा कप मागितला. मी उरलेल्यातला एक खडा जिभेच्या टोकाला लावला. चटणी, मीठ, औषध, सगळं आठवून बघितलं.

साखर होती. नुसती साखर.

२५ डिसेंबर

आज झोपेतून उठले ती लाजेनंच.

एका मुलानं घरचं अन्न खाऊन रीतीनं साखर परत पाठवली आणि मी ती माळ्यावर पुरली. विष समजले. त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेही म्हाळूआबांपुढं.

सगळं नव्यानं बघितलं. ताडपत्री: थंडी. पंखे: वास जाण्यासाठी, म्हणजे त्याला शेजाऱ्यांची काळजी आहे. मोजे: स्वच्छता. लाल डोळे: फिनेल. गवत: गवत थंडीत जळतंच. इतकं साधं होतं.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, साखर साखर हाय म्हणून नाली पण साखरेची झाली का? मी म्हणाले, आत्या, तूच शिकवलंस, डोळ्यानं बघितलं तेवढंच. ती म्हणाली, मी डोळ्याचं म्हणलंते, नाक कापून ठेव म्हणलं न्हवतं.

तिचं वय झालंय.

२७ डिसेंबर

आत्यानं विचारलं, ती तुझी मॅडम कुठला नंबर म्हणली होती? मी सांगितला, एकशे बारा. कावून? म्हणाली, गॅसवाल्यानं टाकी दिली न्हाई. मी समजावलं की ११२ गॅससाठी नसतो. ती बरं म्हणाली, माझा फोन घेऊन शेळ्यांच्या गोठ्याकडं गेली आणि बराच वेळ बोलत होती. दम लागून मधे थांबत होती. माझं, शेडचं नाव ऐकू आल्यासारखं वाटलं. बहुधा आईशी बोलत असावी. आई मागच्या शेडबद्दल नेहमी विचारते.

म्हातारी माणसं हट्टी असतात. टाकी मात्र अजून आली नाही.

२ जानेवारी

नवीन वर्ष. संकल्प: कुणावरही संशय घ्यायचा नाही.

आज एक बाई दगडाबाईकडं शेळी घ्यायला आली. साडी धडाची, पण पायात बूट. शेळीचे दात बघितले नाहीत, कास बघितली नाही, भाव विचारला आणि शेडकडं बघत बसली. दगडाबाई म्हणाली, ह्या बाईला शेळी आन् कुत्र्यातला फरक कळंना. काल एकजण मीटर बघायला आलता, त्यानंही सगळा वेळ शेडचंच मीटर बघितलं.

मला सत्यमची काळजी वाटली. आपल्या वस्तीत परके लोक त्याच्या शेडवर नजर ठेवून आहेत. चोर असावेत.

माझं नशीब, मी संशय न घेण्याचा संकल्प केलाय. तरी दाराला मुसळ लावलं.

८ जानेवारी

वास वाढला. रात्री आत्याला उशीला टेकून बसवलं. तिचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजतो. म्हणाली, थोडे दिवस राहिले, सहन कर. मी घाबरून म्हणाले, असं अभद्र बोलू नको. ती म्हणाली, माझे न्हाई गं.

काय म्हणायचं होतं कळलं नाही.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. ठरवलं. सत्यमला तिळगूळ द्यायचा आणि मनापासून माफी मागायची. मनात खोट ठेवून तिळगूळ वाटणं म्हणजे फसवणूक. मॅडम म्हणाल्या होत्या त्या माणसांशी बोलायचं नाही. पण ‘ती माणसं’ म्हणजे गुन्हेगार. सत्यम त्यात बसत नाही.

आत्याला सांगितलं नाही. तिला दमाच्या वेळी जास्त बोलवू नये असं डॉक्टर म्हणाले आहेत.

१४ जानेवारी, दुपारी

मन हलकं झालं.

शेडच्या दारापाशी गेले. पहिल्यांदाच इतक्या जवळ. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते भावनेनं असेल. सत्यम बाहेर आला, दार मागं ओढून घेतलं. मी तिळगूळ दिला. म्हणाले, दादा, मला माफ करा, मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला. तो हसला, म्हणाला, काय वाईट ताई? मी म्हणाले, की तुम्ही इथं अमली पदार्थ बनवता. पोलिसांना फोनसुद्धा लावला होता, पण कट केला.

त्याच्या हातातला लाडू तसाच राहिला. म्हणाला, आणखी कुणाला सांगितलं ताई?

मी खरं तेच सांगितलं. अर्धवट माफी मला जमत नाही. म्हणाले, फक्त म्हाळूआबांना, आणि त्यांना ते कळलंच नाही. मग मला आठवलं म्हणून सावधही केलं: दादा, तुम्हीच जपून राहा, एक बूटवाली बाई आणि एक मीटरवाला शेडकडं फार बघत होते, चांगले लोक वाटले नाहीत.

त्यानं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघितलं. मग लाडू तोंडात टाकला. म्हणाला, ताई, तुमच्यासारखी शेजारीण कुठं मिळायची न्हाई.

आत जाताना दाराला अडखळला. माझ्या प्रामाणिकपणानं भारावला असावा.

१५ जानेवारी, अंबाजोगाई, दवाखान्याच्या जिन्यात

पहाटे पिकअप सुरू झाल्याचा आवाज झाला, परत झाला. मला वाटलं फिनेलचा माल.

उजाडल्यावर शेडचं दार सताड. आत कुणी नाही. जे नेता आलं नाही ते सगळं नालीत ओतलंय. नालीत पांढरा फेस, वर धूर. नाली आमच्या मागच्या भिंतीला लागून जाते.

आत्या उठून बसली आणि तिला श्वासच मिळेना. ओठ निळे. डोळे मोठे. माझ्याकडं बघत होती, हातानं दाराकडं दाखवत होती. मी मुसळ काढलं, कडी काढली, दुसरी कडी काढली. इतक्या कड्या मीच लावल्या होत्या. १०८ ला फोन केला. या वेळी वाक्य लिहिलं नाही. काय बोलले आठवत नाही, पण गाडी आली.

दगडाबाईनं आत्याला धरून गाडीत घातलं. ती रडत होती आणि सत्यमला शिव्या देत होती आणि मधेच मला.

डॉक्टर म्हणतात, चोवीस तास बघू.

आत्याशिवाय घर मी बघितलेलं नाही. नुसतं लिहितेय. हात थांबला की ते डोळे दिसतात.

१६ जानेवारी, सकाळी

आत्याला ऑक्सिजन आहे. श्वास बरा. बोलते, थोडं, मास्क सरकवून. नर्स तो परत लावते.

मंजुषा मॅडम आल्या. वर्दीत. मागोमाग बूटवाली बाई. तीही वर्दीत. मला काही क्षण कळेना कुणाकडं बघावं.

मॅडम थेट आत्याच्या खाटेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, साखरामावशी, कसं आहे आता? आत्याचं नाव त्यांना कसं माहीत? केस पेपरवर वाचलं असेल. आत्यानं मास्क सरकवला आणि म्हणाली, गॅसची टाकी आली न्हाई बघा मॅडम. दोघी हसल्या. मॅडमना घरगुती प्रश्नांतही रस आहे.

मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाल्या, कुणीतरी वस्तीवरून अतिशय नीट खबर दिली होती. वास कसला, पंखे कधी, गाड्या कधी, शेळी का मेली. दोन आठवडे आम्ही नजर ठेवून होतो. आज पहाटे धाड होती. काल पहाटे ते पळाले. राजनंदिनी, त्यांना कुणी सांगितलं?

मी म्हणाले, कुणी खबर दिली मॅडम? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही, नाव गुप्त असतं.

मी विचार करत होते, वस्तीवर एवढं कोण असेल? म्हाळूआबा नाहीत. दगडाबाई नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

मॅडमनी प्रश्न परत विचारला. मी सांगितलं. सगळं. साखर, माळा, येळवस, तिळगूळ. बूटवाल्या मॅडमबद्दल मी काय बोलले तेही. बूटवाल्या मॅडम भिंतीकडं वळल्या.

मंजुषा मॅडमनी टोपी काढून बाकावर ठेवली. म्हणाल्या, माझं व्याख्यान तू पहिल्या बाकावरून ऐकलंस. हो म्हणाले, पाठ आहे. म्हणून दाखवू? त्या म्हणाल्या, नको.

मग म्हणाल्या, ते अजून सापडलेले नाहीत. तू त्यांना तोंडानं ओळखतेस आणि ते तुला. इथं आमचा एक माणूस दारात राहील. दवाखान्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. आणि काही दिवस कुणाचीही माफी मागायची नाही.

मी हो म्हणाले. त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि मला राहवेना, मागं धावत जाऊन म्हणाले, सॉरी मॅडम.

त्या पायरीवर थांबल्या. मागं न बघता खाली गेल्या.

१६ जानेवारी, दुपारी

मी आता अगदी सावध आहे. दारातल्या हवालदाराला ओळखपत्र विचारलं. त्यांनी दाखवलं, जरा नाराज झाले.

दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, लांबचा. म्हणाला, ताई, मावशीची तब्येत कशी आहे, कानावर आलं. मी विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, गावातलाच. काळजी करणारा होता, आवाजात ओल होती. म्हणाला, भेटायला यायचं होतं, कुठं ठेवलंय?

मी मॅडमचं ऐकलं. दवाखान्याचं नाव मुळीच सांगितलं नाही. फक्त अंबाजोगाई एवढंच म्हणाले.

फोन ठेवला तर आत्यानं मास्क काढलेला. सगळं ऐकत होती. हात पुढं केला. मला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. हात तसाच. मग मी फोन दिला.

तिनं हवालदाराला हाक मारायला सांगितलं. ते आले, आत्याच्या हातातून फोन घेऊन नंबर बघितला, धावत बाहेर गेले. आता जिन्यावर बुटांचे आवाज आहेत, खाली गाडी लागलीय, नर्सनं खिडकी लावली.

फोन परत आला तो आत्याकडं. तिनं उशीखाली ठेवलाय. आई-दादांना कळवायचं म्हणून मी मागितला, की ती डोळे मिटून घेते.